वस्तीची गाडी आणि विद्यापीठातली संध्याकाळ

कोल्हापुरात संध्याकाळी पाचच्या सुमारास विद्यार्थ्यांचे दोन भाग होतात. शेवटचा तास संपला की एक भाग केएमटीने, म्हणजे शहर बसने, मध्यवर्ती बसस्थानक, रंकाळा किंवा संभाजीनगर स्टँड गाठतो आणि गारगोटी, राधानगरी, गगनबावडा, मलकापूर अशा पाट्यांच्या एसटीत खिडकीतून दप्तर टाकून जागा धरतो. दुसरा भाग मागे राहतो. त्यात वसतिगृहातली, कॉट बेसिसवर राहणारी आणि शहरातल्या पेठांमधली मुले-मुली असतात. एकांकिकेच्या तालमी, समूहगीताचा सराव, वादविवादाची तयारी, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरच्या गप्पा आणि चहाच्या गाड्यावर रंगलेले वाद हे सगळे या मागे राहणाऱ्यांच्या वाट्याला येते. मी इथे आधी विद्यार्थी म्हणून राहिलो आणि आता एका महाविद्यालयात शिकवतो. विद्यार्थिजीवन या गोष्टीबद्दल जितके बोलले जाते त्यात हा साधा भेद फारसा कोणी विचारात घेत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. आपल्या विद्यापीठातल्या मुलाला कोणते शिक्षण मिळाले हे ठरवताना त्याचे गुणपत्रक पाहावेच, पण त्याला संध्याकाळ मिळाली होती का, हेही विचारावे.

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ सालच्या १८ नोव्हेंबरला झाली आणि तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासाचे अभ्यासक. सागरमाळावरच्या साडेआठशेहून अधिक एकरांच्या जागेवर त्यांनी हे विद्यापीठ उभे केले. आज त्या माळावर दाट झाडी आहे, तळी आहेत, सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या वाटेत मोर येतात, आणि मुख्य इमारतीसमोरच्या शिवरायांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी पदवी घेतलेल्या मुलांबरोबर त्यांचे आईवडील फोटो काढून घेतात. त्या आईवडिलांपैकी पुष्कळांनी त्या दिवसाआधी विद्यापीठ पाहिलेले नसते. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांसाठी हे विद्यापीठ आहे (सोलापूर २००४ मध्ये वेगळे झाले), आणि इथे येणाऱ्या मुलांमध्ये ऊस आणि म्हशीचे दूध यांवर ज्यांचे घर चालते, ज्यांच्या घरात याआधी कोणी पदवीधर झालेले नाही, अशांची संख्या मोठी आहे. अशा मुलासाठी कोल्हापूर हे लहान शहर नाहीच. चंदगडहून येणाऱ्या मुलीला ते शंभर किलोमीटरहून दूरचे आणि चांगलेच मोठे शहर वाटते.

या शहराने खेड्यातल्या मुलाला राहायला जागा द्यायची, हा विचार विद्यापीठाहून साठ वर्षे जुना आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि पुढे आणखी कितीतरी. दसरा चौकात उभे राहिले की यांतल्या काही इमारती आजही नजरेच्या टप्प्यात असतात. शाहू महाराजांच्या या कामाबद्दल बोलताना आपण शिक्षणाचा प्रसार म्हणतो आणि ते खरेच आहे. तरी मला त्यातली एक बाजू अधिक महत्त्वाची वाटते. राजाराम कॉलेज १८८० पासून होते, शहरात शाळा होत्या. खेड्यातल्या मुलाची अडचण वर्गाच्या दारापाशी नव्हती, ती रात्री होती. दिवसभर शिकून झाल्यावर तो झोपणार कुठे, त्याला जेवायला कोण घालणार, कोणत्या ओसरीवर त्याला बसू देणार? त्या काळात जातीबाहेरच्या मुलाला कोणी खोली देत नव्हते, पंगतीला घेत नव्हते. बोर्डिंगांनी त्याला रात्र दिली, आणि रात्रीबरोबर त्याला शहरातली संध्याकाळही आपोआप मिळाली. तालीम, मैदान, व्याख्यान, कुस्तीचा फड, नाटक हे सगळे कोल्हापुरात संध्याकाळी असे, आणि मुक्कामाला असलेल्या मुलालाच ते पाहता येई.

ही बोर्डिंगे जातवार होती, ही त्या काळाची मर्यादा होती आणि तशी ती असल्यावाचून पहिली पिढी आत आलीच नसती, असे मी समजतो. त्यापुढचे पाऊल कोल्हापुरातच शिकलेल्या एका विद्यार्थ्याने टाकले. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थी असताना इथल्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले होते. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातीधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधी तिथे येऊन गेले आणि त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव मिळाले. एका छपराखाली झोपणे, एकाच चुलीवरचे जेवणे, स्वतःचे दळण स्वतः आणणे, हा तिथला अभ्यासक्रमच होता. विद्यापीठाच्या आवारात आप्पासाहेब पवारांच्या नावाचे विद्यार्थी भवन आहे आणि तिथे कमवा व शिका योजनेतली मुले राहतात. त्या योजनेची मुळे थेट या परंपरेत आहेत. माझा एक जवळचा मित्र तिथे राहून शिकला. दिवसातले काही तास तो विद्यापीठाच्या कामावर असे, उरलेल्या वेळात एम. ए. करत असे, आणि तरीही आमच्यात सर्वाधिक वाचलेला तोच होता, कारण रात्री अकरापर्यंत वाचत बसायला त्याला जागा होती.

आमच्या वसतिगृहातल्या संध्याकाळीचा विषय निघाला की मला आधी डबे आठवतात. मेसचे पैसे भरणे सगळ्यांनाच परवडत नसे, म्हणून अनेकांचा डबा गावाहून एसटीने येई. पहाटे आई भाकरी थापून, कापडी पिशवीत डबा घालून, पिशवीवर नाव लिहून वस्तीच्या गाडीच्या कंडक्टरकडे देई. रात्री गावात मुक्काम करून सकाळी पहिली सुटणारी ती गाडी साडेनऊ-दहाला कोल्हापुरात पोचे, आणि बसस्थानकावर ओळीने ठेवलेल्या पिशव्यांमधून आपापली पिशवी उचलून मुले परत येत. संध्याकाळी रिकामा डबा त्याच गाडीने गावाला जाई. त्या डब्यात कधी आईने चिठ्ठी ठेवलेली असे, कधी वडिलांनी फीसाठी दिलेल्या नोटा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या असत, आणि एकही डबा चोरीला गेल्याचे मी ऐकले नाही. रात्री खोलीत चार-पाच डबे एकत्र उघडले जात. आजऱ्याकडच्या भाताची चव शिरोळकडच्या मुलाला तिथे कळली, आणि शिरोळची वांगी गगनबावड्याच्या मुलाने तिथे खाल्ली. कोणाच्या डब्यात काय आहे यावरून कोणाच्या घरी या आठवड्यात ओढ आहे हे सगळ्यांना समजे आणि त्याबद्दल कोणी बोलत नसे, फक्त त्याच्या पानात एक भाकरी जास्त पडे. एकमेकांच्या हातचे खायचे की नाही हा ज्यांच्या आजोबांपुढचा प्रश्न होता, त्या घरांतली मुले तिथे एका कालवणात हात घालत होती. समाजशास्त्राच्या वर्गात मी जे शिकलो त्याचा अर्थ मला त्या खोलीत कळला.

युवा महोत्सव हा या संध्याकाळीचा सर्वांत भरलेला काळ असतो. आधी जिल्हास्तरीय, मग मध्यवर्ती महोत्सव होतो. तिथून निवडलेला संघ भारतीय विश्वविद्यालय संघाच्या विभागीय आणि राष्ट्रीय महोत्सवांना जातो, आणि राज्यातल्या विद्यापीठांसाठी २००३ पासून इंद्रधनुष्य महोत्सव आहे. बाहेरून पाहणाऱ्याला स्पर्धा आणि करंडक दिसतात. मला त्याआधीचे दोन महिने दिसतात. एकांकिका अर्ध्या तासाची असते, लघुनाटिका दहा मिनिटांची, मूकनाट्य पाच मिनिटांचे, आणि या पाच मिनिटांसाठी सहा मुले रोज संध्याकाळी दोन-तीन तास घाम गाळतात. मूकनाट्याबद्दल माझे एक निरीक्षण आहे. आपल्या बोलण्याची लाज वाटणारी, ‘न्हाई’ आणि ‘न्हवं’ तोंडातून निघेल म्हणून वर्गात गप्प बसणारी मुले बहुधा आधी मूकनाट्यात येतात, कारण तिथे बोलावे लागत नाही. एक वर्ष शरीराने बोलून झाले की पुढच्या वर्षी तीच मुले एकांकिकेत उभी राहतात आणि आपल्याच बोलीत, तिच्या पूर्ण जोरानिशी, संवाद म्हणतात. प्रमाण मराठीत लिहायलाही मग त्यांना भीती वाटत नाही. हा बदल मी वर्गात घडवू शकलेलो नाही, तालमीच्या खोलीत मात्र तो वारंवार घडताना पाहिला आहे.

लोकवाद्यवृंदाची गोष्ट त्याहून मोठी आहे. हलगी, घुमके आणि कैताळ ही कोल्हापूरची वाद्ये. मिरवणूक असो, कुस्तीचे मैदान असो, हलगी कडाडल्याशिवाय इथे कशालाही रंग चढत नाही. पण ती वाजवणाऱ्या घरातला मुलगा महाविद्यालयात आला की हलगीचे नाव काढत नाही, कारण त्या वाद्याबरोबर आपली जात लोकांना कळेल ही धास्ती त्याच्या मनात असते. असा एक मुलगा आमच्याकडे होता. वर्षभर त्याने कोणाला काही सांगितले नाही. वाद्यवृंदाच्या सरावाला हलगीवाला मिळेना तेव्हा तो मागच्या बाकावरून उठून आला, वाद्य शेकून घेतले आणि वाजवू लागला. त्यानंतर महिनाभर शहरातल्या नामांकित शाळांमधून आलेली मुले त्याच्यासमोर बसून ठेका शिकत होती आणि त्याला ‘उस्ताद’ म्हणत होती. त्याच्या वडिलांनाही आम्ही एकदा सरावाला बोलावले. त्यांनी मुलाच्या हाताची ठेवण दुरुस्त केली आणि निघताना सगळ्यांना हात जोडले, तेव्हा सगळी मुले उभी राहिली. त्या संघाला कोणते पारितोषिक मिळाले हे इथे सांगण्याची मला गरज वाटत नाही.

हे सगळे संध्याकाळीच का होते, यालाही कारण आहे. दिवसा तास असतात, प्रयोगशाळा असतात, खोल्या मोकळ्या नसतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शिकवायला येणारे बहुतेक माजी विद्यार्थी असतात. कोणी शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरीला असतो, कोणाचे राजारामपुरीत दुकान असते, कोणी शाळेत शिकवतो. पाळी संपवून, डबा रिकामा करून, सहानंतर ते तालमीला येतात आणि एक पैसा न घेता रात्री दहापर्यंत थांबतात. कोल्हापुरात नाटकाची आणि गाण्याची परंपरा टिकली ती अशा माणसांमुळे. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये, उभे राहिलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आताचे केशवराव भोसले नाट्यगृह, ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळाले तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी रडत उभ्या असलेल्या माणसांमध्ये आमच्या तालमीतली किती तरी आजी-माजी मुले होती. त्या रंगमंचावर एकदा तरी उभे राहायचे, हे त्यांच्या प्रत्येक संध्याकाळीच्या मागचे स्वप्न होते. शिक्षकांच्या बाबतीतही हेच खरे आहे. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. त्यांना ऑलिंपिकला पाठवण्यासाठी कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले होते. इतके मोठे काम आपल्या हातून होणार नाही, पण सहानंतर तासभर थांबणे कोणत्याही शिक्षकाला शक्य आहे.

आणि इथेच पाचच्या सुमाराला पडणारा तो भेद बोचतो. शाहूवाडी तालुक्यातून रोज ये-जा करणारी एक विद्यार्थिनी आमच्या एकांकिकेच्या निवडीला आली. तिच्यासारखा आवाज आणि तिच्यासारखी समज त्या वर्षी दुसऱ्या कोणाकडे नव्हती. तिच्या गावाला जाणारी शेवटची गाडी साडेसहाला सुटे, ती चुकली तर फाट्यापर्यंत वडापची जीप आणि पुढे अंधारातून पायवाट. तालीम सहाला सुरू होई. तिचे वडील मला भेटायला आले, बराच वेळ टोपी हातात धरून बसले आणि म्हणाले, “नाटकाला माझा इरोध न्हाई सर. पण रातची गाडी कुठाय?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण खरेच गाडी नव्हती. मुलींना घरचे सोडत नाहीत, असे आपण फार सहज म्हणून टाकतो. मी पाहिलेल्या कितीतरी घरांमध्ये विरोध नव्हता. रस्ता नव्हता, दिवा नव्हता, गाडी नव्हती. शेवटी तिच्या वर्गातल्या एका मुलीने रेक्टरबाईंकडे अर्ज करून तिला महोत्सवापुरते आपल्या खोलीवर पाहुणी म्हणून ठेवून घेतले, आणि बाईंनीही नियमात बसेल तितके मन मोठे केले. पण त्या वर्षी ज्यांनी निवडीला नावच दिले नाही, ज्यांनी गाडीची वेळ आठवून मनातल्या मनात विषय सोडून दिला, त्या मुलींची गणती कोण करणार?

एसटीचा विद्यार्थी पास एक तृतीयांश भाड्यात मिळतो आणि या सवलतीवर खेड्यातल्या किती मुलामुलींचे शिक्षण झाले याची मोजदाद नाही. ती गाडी किती आवश्यक आहे हे आम्हांला नीट कळले ते करोनानंतर. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये महाविद्यालये पुन्हा उघडली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या खऱ्या होत्या, त्यांच्या घरांतली मुलेही आमच्याच वर्गांत बसत होती. पण त्या महिन्यांत संध्याकाळी राहण्याचा प्रश्नच उरला नाही, कारण सकाळी येणेच बंद झाले. डबेही थांबले. वसतिगृहातल्या ज्या मुलांचे जेवण गावाहून येई त्यांच्यासाठी शहरातल्या विद्यार्थ्यांनी पाळी लावून घरून डबे आणले, आणि हे कोणत्याही समितीच्या सूचनेवाचून झाले.

नव्या शैक्षणिक धोरणात राष्ट्रीय सेवा योजना, क्रीडा आणि सांस्कृतिक उपक्रमांना श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागले आहेत. मी याचे स्वागत करतो. आपल्या मुलाने नाटकात वेळ वाया घालवला असे म्हणणाऱ्या पालकाला गुणपत्रकातली ती ओळ दाखवता येते. तथापि श्रेयांक दिल्याने संध्याकाळ मिळत नाही. दुपारच्या एका तासात हजेरी, अहवाल आणि प्रमाणपत्र एवढे उरकता येते, आणि ये-जा करणाऱ्या मुलांच्या बाबतीत तसेच होण्याची भीती आहे. सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिराचे मोल म्हणूनच मला फार वाटते. त्यात बंधारा किती लांबीचा झाला यापेक्षा एखाद्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा सात रात्री घराबाहेर, पन्नास अनोळखी मुलामुलींबरोबर काढल्या आणि रात्रीच्या गटचर्चेत उभे राहून गावच्या सरपंचांना प्रश्न विचारला, याला महत्त्व आहे. विद्यार्थी प्रतिनिधींच्या प्रत्यक्ष निवडणुका १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थांबल्या आणि गुणवत्तेवर नेमणुका होऊ लागल्या. २०१६ च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद पुन्हा आली. निवडणुकांतली हाणामारी मला नको आहे, पण चार लोकांसमोर जाऊन मत मागणे आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात बसणे, हे शिकण्याची जागा विद्यापीठातून हलली आणि ती तालीम मंडळांकडे आणि गल्लीतल्या तरुण मंडळांकडे गेली. तिथे मुलांना ती संधी थोडीफार मिळते. मुलींना जवळपास मिळत नाही.

मागण्या मोठ्या नाहीत. महोत्सवाच्या दोन महिन्यांत प्रत्येक महाविद्यालयाने बाहेरगावच्या मुलींसाठी एक सुरक्षित खोली आणि एक जबाबदार बाई यांची सोय करावी. विद्यापीठाकडून रात्री साडेआठला बसस्थानकाकडे जाणारी एक केएमटी असावी आणि वस्तीच्या निदान काही गाड्यांच्या वेळा तिच्याशी जुळवून घ्याव्यात. वस्तीची गाडी नाहीतरी रात्री गावातच जाऊन थांबणार असते, ती तासभर उशिरा निघाली तर मुलींबरोबर बाजारहाट करून परतणाऱ्यांचीही सोय होईल. एसटीच्या आगारात यासाठी अर्ज घेऊन आम्ही काही शिक्षक जात असतो, आणि एका मार्गावर सणासुदीच्या काळात तशी गाडी सुटलीही. आमच्या महाविद्यालयात तालमीच्या निवडीचा अर्ज आता बदलला आहे. नाव, वर्ग आणि कलाप्रकार यांच्यापुढे गाव आणि शेवटच्या गाडीची वेळ असे दोन रकाने आहेत, आणि तालमीचे वेळापत्रक ते दोन रकाने भरून आल्यावरच ठरते. यंदा लोकनृत्याचा सराव सकाळी साडेसातला ठेवावा लागला, कारण दहा जणींपैकी सहा जणी पन्हाळा आणि शाहूवाडीकडच्या निघाल्या. वस्तीची गाडी त्यांना सव्वासातला कोल्हापुरात आणून सोडते.